चंगाई सभा, सलाईन आणि बंद केलेली गोळी: झटपट आराम कुठला, खरा उपाय कुठला

ताप चढला की पॅरासिटामॉल घेण्यात काही गैर नाही. अंगदुखी कमी होते, झोप लागते. घोटाळा तेव्हा होतो जेव्हा ताप उतरला म्हणजे टायफॉइड गेला असं आपण धरून चालतो. चंगाई सभेत, म्हणजे आजार बरे व्हावेत म्हणून भरवलेल्या प्रार्थनासभेत, रडू कोसळलं, मन मोकळं झालं, तेही चांगलंच. पण दारू, कर्ज आणि भावाशी धरलेला अबोला सोमवारी सकाळी घरीच वाट पाहत असतात. तात्पुरता आराम देणारी गोष्ट वाईट नसते. तिला कायमच्या उपायाच्या जागी बसवलं की नुकसान होतं, आणि ते बहुतेकदा उशिरा दिसतं. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याने (६:१४) याच कारणासाठी याजक आणि संदेष्ट्यांना धारेवर धरलं: लोकांची जखम खोल असताना ते ती वरवर बरी करतात आणि शांती नसताना शांतीची घोषणा करतात.

पुढे दिलेली पद्धत ख्रिस्ती कुटुंबांसाठी, पाळकांसाठी आणि मंडळीच्या वडिलांसाठी (म्हणजे मंडळी सांभाळणाऱ्या ज्येष्ठांसाठी) आहे. प्रार्थना करावी की औषध घ्यावं, हा वाद इथे नाही. आजारी हिज्कीया राजाने प्रार्थना केली, देवाने ती ऐकली, आणि तरीही यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांची ढेप बांधायला लावली (२ राजे २०). दोन्ही एकाच अध्यायात आहेत.

आराम का पडला, हे आधी विचारा

झटपट उपायाने गुण आल्यासारखा वाटतो त्याची कारणं साधी आहेत. बरेच आजार आपोआप ओसरतात. साधा विषाणूजन्य ताप तीन ते पाच दिवसांत उतरतो, भरलेली कंबर बहुतेक वेळा काही आठवड्यांत सुटते. माणूस उपाय शोधतो तो त्रास सर्वांत जास्त असताना, म्हणजे नेमका उतार लागण्याच्या आधी. त्यामुळे तिसऱ्या दिवशी लावलेली सलाईन पाचव्या दिवशीच्या आरामाचं श्रेय घेऊन जाते. प्रार्थना केलेल्या तेलाच्या बाटलीचंही तसंच.

दुसरं कारण उत्तेजना. मोठी सभा, ढोलक, कीबोर्ड, शेकडो लोकांचा आवाज: अशा वेळी शरीर स्वतःच वेदना दाबणारी रसायनं सोडतं. गुडघ्याचा रुग्ण काठी टाकून मंचावर चालतो ते नाटकच असतं असं नाही, त्याला त्या क्षणी खरोखर दुखत नसतं. म्हणून मंचावर काय झालं याला फार महत्त्व देऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना, दोन दिवसांनी जिना चढताना आणि महिन्याभराने काय स्थिती आहे ते बघा.

तिसरं कारण औषधातच लपलेलं असतं. वर्षानुवर्षांचा संधिवात किंवा दमा एखाद्या पुडीने दोन दिवसांत पळाला, तर पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्या. पाकिटावर बॅच नंबर नाही, घटकांची नावं नाहीत, भूक अचानक वाढली, चेहरा गोल झाला, साखर आणि रक्तदाब चढला: ही खूण ओळखीची आहे. इथे एक सावधगिरी मात्र विसरू नका. अशी पुडी काही आठवडे घेतली असेल तर संताप येऊन एका दिवसात बंद करू नये. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो. पुडी पाकिटासकट फिजिशियनकडे न्या, डोस कसा उतरवायचा ते तेच ठरवतील.

सलाईनबद्दलही थोडं. 'अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा' ही आपल्याकडची जुनी सवय. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण पाच चमचे. नॉर्मल सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत ४.५ ग्रॅम मीठ. ज्याला उलट्या-जुलाबाने पाणी टिकत नाही त्याला ही बाटली जीवदान देते. ज्याचं हिमोग्लोबिन ७ आहे त्याला ती फक्त एक दुपार पडून राहण्याची संधी देते, आणि हृदय कमकुवत असेल तर अंगावर सूज चढवते. अशक्तपणाचं कारण रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, क्षयरोग की उदासीनता, हे तपासल्याशिवाय बाटली लावणं म्हणजे गळक्या छपराखाली रोज नवी बादली ठेवणं.

साक्ष देण्याआधीची तपासणी

येशूने दहा कुष्ठरोग्यांना काय सांगितलं? जाऊन याजकांना दाखवा (लूक १७:१४). त्या काळी रोग गेला की नाही हे ठरवण्याचा अधिकार याजकाचा होता, आणि त्याची रीत लेवीय १३ मध्ये सविस्तर दिली आहे: डाग पाहायचा, सात दिवस वेगळं ठेवायचं, सातव्या दिवशी पुन्हा पाहायचं, शंका राहिली तर आणखी सात दिवस. म्हणजे मोजमाप, वाट पाहणं, पुन्हा मोजमाप. तपासणी मागणाऱ्याला अल्पविश्वासी म्हणणाऱ्यांनी हा भाग एकदा नीट वाचावा.

आज ही रीत अशी पाळता येते:

१. प्रार्थनेच्या आधीच वहीत लिहून ठेवा: आजाराचं नाव (डॉक्टरांनी दिलेलं), शेवटचा रिपोर्ट व त्याची तारीख, चालू औषधं आणि डोस.

२. प्रार्थना करा, औषध आहे तसंच चालू ठेवा. दोन्ही चालू असताना रुग्ण बरा झाला तर देवाचा गौरव तसूभरही कमी होत नाही.

३. तीच तपासणी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, योग्य अंतराने पुन्हा करा. कुठल्या आजाराला किती अंतर, ते खाली आहे.

४. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा आणि सरळ विचारा, 'औषध कमी करता येईल का?' गोळी बंद करण्याचा निर्णय मंचावरून होत नाही.

५. त्यानंतर साक्ष, म्हणजे बरं झाल्याचं मंडळीसमोर सांगणं. साक्षीत चालू असलेलं औषधही सांगा. ते लपवलं तर ऐकणारा घरी जाऊन स्वतःची गोळी फेकतो, आणि त्याची साक्ष कोणी घेत नाही.

अंतराचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मधुमेहात उपाशीपोटीची साखर दोन दिवसांच्या उपासानेही उतरते. तेवढ्यावर 'शुगर गेली' म्हणू नये. एचबीए१सी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, म्हणून तीन महिन्यांनी तीच करा. थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी करतात. थायरॉइडची गोळी सोडून दोन आठवडे काहीच झालं नाही, असं सांगणारे बरेच भेटतात. त्या औषधाची निम्मी मात्रा शरीरातून जायलाच आठवडाभर लागतो. सूज, थकवा, मंदपणा हळूहळू येतात आणि तोवर साक्ष देऊन झालेली असते.

रक्तदाबाचं तर काहीच जाणवत नाही, त्यामुळे 'मला बरं वाटतंय' याला तिथे शून्य किंमत. मोजायचा तर पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, दोन्ही पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मिश्री नको. पट्टा उघड्या दंडावर बांधा, बाहीवरून नको. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि वेगवेगळ्या दिवशीचे आकडे लिहा. दवाखान्यात सातत्याने १४०/९० किंवा वर असेल तर तो उच्च रक्तदाब. गोळीसोबत मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, सुके बोंबील, फरसाण सगळं धरायचं.

गोळी सोडली की काय होतं

सगळ्या औषधांचा धोका सारखा नसतो. काहींत फटका तासांत बसतो, काहींत महिन्यांत. हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं.

टाइप १ मधुमेहात इन्सुलिन थांबवलं तर एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साचू लागतं. उलट्या, पोटदुखी, खोल जलद श्वास, मग बेशुद्धी. लहान मुलाचं इन्सुलिन 'विश्वासाने' बंद करणं हे मृत्यूला दिलेलं आमंत्रण आहे. यापेक्षा सौम्य शब्द वापरण्यात अर्थ नाही. फिट्सची गोळी अचानक तोडली तर एकामागून एक न थांबणारे झटके येऊ शकतात. फिट आली की त्यात भूत शोधणारे अजूनही आहेत. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर रुग्णालय. तोंडात चमचा, कांदा, चप्पल काही नको, फक्त कुशीवर वळवा. किमान दोन वर्षं एकही झटका नसेल तर डॉक्टर गोळी हळूहळू उतरवण्याचा विचार करतात. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारखी रक्तदाबाची, हृदयाची गोळी एकदम सोडली तर हृदयरोग्याला छातीत कळ किंवा हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळीची नळी) बसवलेल्याने रक्त पातळ ठेवणारी गोळी सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

क्षयरोग वेगळ्या पद्धतीने फसवतो. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. खोकला आणि ताप मात्र काही आठवड्यांतच कमी होतो, वजन वाढतं, आणि तिथेच माणूस थांबतो. उरलेले जंतू औषधाला दाद न देणारे होऊन परततात. सरकारी केंद्रात औषधं मोफत आहेत, आणि क्षयरुग्णांच्या आहारासाठीच्या निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये खात्यात जमा होतात.

उदासीनतेचं औषध लागू पडायलाच दोन ते सहा आठवडे घेतं आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवावं लागतं. अशा माणसाला 'प्रार्थना कमी पडते' असं सांगणारे एलीयाची गोष्ट अर्धीच वाचतात. रतामाच्या झाडाखाली मरण मागणाऱ्या त्या संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं (१ राजे १९). बोलणं त्यानंतर. मरणाचे विचार येत असतील तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. त्या रात्री माणसाला एकटं सोडू नका आणि गोळ्यांचा डबा, शेतीचं औषध घरातून हलवा.

उपास

जानेवारीत किंवा लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपासाच्या) काळात उपास सुचवताना पाळकांनी आधी चार प्रश्न विचारावेत: इन्सुलिन किंवा साखरेची गोळी चालू आहे का, गरोदर किंवा अंगावर पाजणारी आहे का, मूत्रपिंडाचा आजार आहे का, क्षयरोग किंवा वजन घटल्याने उपचार चालू आहेत का. यातलं एकही 'हो' असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास नको.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिल्यास साखर ७० च्या खाली जाऊ शकते: घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणं. रात्रभराच्या प्रार्थनेत हे आत्म्याचं काम समजलं जाण्याचा धोका खरा आहे. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, मग जेवण. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतू नका, १०८ ला फोन करा. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळीवर उपाशी राहणं आणखी अवघड, कारण साखर फार वाढलेली नसतानाही आम्ल साचू शकतं. पाण्याविनाचा उपास लिथियम (मानसिक आजाराचं एक औषध) घेणाऱ्यालाही महागात पडतो.

दानीएलाचा नमुना इथे उपयोगी आहे. त्याने भाजीपाला आणि पाण्यावर दहा दिवस मागितले आणि दहाव्या दिवशी तुलना करा असं स्वतःच सुचवलं (दानीएल १). ठरलेली मुदत, ठरलेलं मोजमाप. ज्याला अन्न सोडता येत नाही त्याने मोबाइल सोडावा; अनेकांना तो उपास जास्त जड जातो.

दारू सोडण्याची शपथ

कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे मोठ्या ख्रिस्ती मेळाव्यात, हात वर करून दारू सोडलेला माणूस तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडतो, घरचे पाळकांना बोलावतात. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं की पहिल्या दिवसात हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनंतर भ्रम, ताप, घाम असा जीवघेणा प्रकार होऊ शकतो. हा दुरात्मा नव्हे, हा मेंदूचा गोंधळ आहे आणि त्यावर औषध आहे. म्हणून शपथ घ्यायच्या आधी किंवा त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गावातल्या दवाखान्यात नेलंत तर दारूचं सांगायला लाजू नका: ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन, म्हणजे बी१, द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते.

शरीरातली दारू आठवड्यात निघते, खरं काम त्यानंतर सुरू होतं. झाडून-लोटून रिकाम्या ठेवलेल्या घरात निघून गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन परत येतो, हे येशूने सांगितलेलंच आहे (मत्तय १२). संध्याकाळी सातला काय करायचं, कुठल्या रस्त्याने घरी यायचं, पगार कोणाच्या हातात, हे लिहून ठरवा. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा, पुण्यात १९८६ पासून चालणारं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग, यापैकी एक दार मंडळीच्या दारासोबत उघडं ठेवा. परत प्यायला तर त्याला पुन्हा पुढे बोलावून तीच प्रार्थना सातव्यांदा म्हणवून घेण्यापेक्षा वडिलांपैकी एकाने महिनाभर रोज फोन करावा.

विश्वासातले झटपट उपाय कसे ओळखायचे

येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराचा पश्चात्ताप मोजता येतो: अर्धी संपत्ती गरिबांना, लुबाडलेल्यांना चौपट परत. ज्या पश्चात्तापात कोणाला काहीच परत मिळालं नाही, कोणाची क्षमा मागितली गेली नाही, तो अजून भावनेच्या पातळीवर आहे.

आजाऱ्यासाठी याकोब ५ मध्ये जी रीत दिली आहे ती चंगाई सभेपेक्षा फारच साधी आहे. आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना बोलवायचं, एकापेक्षा जास्त जणांना. ते तेल लावून प्रार्थना करतील. आणि एकमेकांजवळ पापं कबूल करायची. तेल विकत घ्यायचं आहे असं कुठे नाही, मंच नाही, कॅमेरा नाही. प्रेषित पौलाने देवाला तीनदा विनंती करूनही त्याच्या देहातला काटा (त्याला छळणारा त्रास) गेला नाही, त्याचा सोबती त्रफिम आजारी म्हणून मिलेतात मागे राहिला, तरुण सहकारी तीमथ्याच्या पोटासाठी पौलाने थोडा द्राक्षारस सुचवला. यांच्यात विश्वास कमी होता, असं म्हणायची हिंमत कोणाची आहे?

पैसा आला की थांबा. कोड झालेला सेनापती नामान बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याने काही घेतलं नाही; मागे धावत जाऊन चांदी आणि कपडे घेतले ते अलीशाचा चाकर गेहजीने, आणि नामानाचं कोड त्याला लागलं. 'बी पेरा, दसपट मिळेल' म्हणून उपचाराचे पैसे अर्पणात मागणारा कोणाच्या रांगेत बसतो ते वाचकाने ठरवावं. पिढीजात शाप तोडण्याची फी मागणाऱ्याला यहेज्केल १८ वाचायला द्या: बापाच्या पापाचा भार मुलगा वाहणार नाही, असं तिथे आहे.

आणखी एक झटपट उपाय मंडळीत फार सहज दिला जातो: मार खाणाऱ्या बाईला 'क्षमा कर आणि परत जा'. क्षमा तिची ती करेल, तिच्या वेळेने. परत जाणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती सुरक्षिततेवर ठरते. १८१ हा महिला मदत क्रमांक सूचनाफलकावर लावा.

कायदाही माहीत असावा. १९५४ च्या केंद्रीय कायद्याने मधुमेह, फिट्स, कर्करोग अशा ठरावीक आजारांवर हमखास उपचाराच्या जाहिराती करायला मनाई आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणं, तसंच साप, विंचू किंवा कुत्रं चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

मंडळीने काय करावं

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं तेव्हा गावोगावच्या बायकांना शिकवून आरोग्य सेविका केलं. पिण्याचं पाणी, बाळाचा आहार, लसी यावर भर दिला. ख्रिस्ती श्रद्धेतून उभं राहिलेलं ते काम आजही जगभरचे लोक पाहायला येतात. एवढं मोठं जमणार नसेल तरी उपासनेनंतर महिन्यातून एकदा रक्तदाब मोजण्याचं टेबल लावता येतं. दंडाला बांधायचं डिजिटल यंत्र घ्या, मनगटाचं नको. क्षयरोगाच्या किंवा फिट्सच्या प्रत्येक रुग्णाला एक सोबती नेमून द्या. गोळी घेतली का एवढंच विचारायचं.

कोणी सभेनंतर औषध आधीच बंद केलं असेल तर रागावू नका, नाहीतर तो पुढच्या वेळी लपवेल. कुठलं औषध, कधीपासून बंद, आता काय होतंय, एवढं विचारा. इन्सुलिन, फिट्स, हृदय, स्टेरॉइड किंवा मानसिक आजाराचं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. चुकलेले सगळे डोस एकदम घ्यायला सांगू नका, आणि बरेच दिवस सुटलेलं औषध जुन्याच मात्रेने परस्पर सुरू करायलाही नको. फिट्सच्या आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्या पुन्हा कमी मात्रेपासून चढवाव्या लागतात. जाताना जुनी चिठ्ठी सोबत घ्या. चिठ्ठी हरवली असेल तर गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या न्या, नाव आणि मिलिग्रॅम त्यावर छापलेले असतात.